करवत लागलेली काठी

मी एक जुनी गळाची काठी आहे, मित्रांनो, आणि मी चिडलेली आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की रडवतात, असं मी ऐकलं आहे. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. खारं पाणी मी आयुष्यभर अंगावर घेतलं, तेवढं पुरे झालं.

डरबनच्या दक्षिणेला, इसिपिंगोच्या किनाऱ्याजवळ आरुमुगम नावाचे एक सुतार राहतात. सारी गल्ली त्यांना अप्पा म्हणते. माझा वरचा लवचीक भाग त्यांनी दुकानातून आणला, आणि खालची मूठ स्वतः घडवली. तीही घाईनं नाही. आधी मला पहाटे वाळूत नेलं. एक हात छातीशी, दुसरा खाली सोडून मला धरलं आणि खालचा हात सहज जिथं पोचला तिथं पेन्सिलीनं खूण केली. त्या खुणेवर माझं दोरा गुंडाळायचं चाक बसलं. जेवणाच्या ताटाएवढं लाकडी चाक, त्यांनीच कातलेलं. त्याला ना ब्रेक ना कळ. मासा पळाला आणि तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सुसाट सुटला की तळहात टेकवून आवरायचा, एवढंच. ज्याला जमत नाही त्याच्या बोटांची सालं निघतात.

अप्पांची मुलगी वसंता माझ्याच आधारानं गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला, शिकली. सुरुवातीला ती जीव खाऊन लांब फेकायची. अप्पा हसायचे.

"अगं, मासा इथं पायाशी आहे. तू मादागास्करला कशाला फेकतेस?"

"सगळे लांबच फेकतात, अप्पा."

"सगळे रिकाम्या हातानं घरी पण जातात. आधी पाणी बघ. तो पांढरा फेस दिसतोय ना, त्याच्या अलीकडे पाण्याखाली खोल घळ आहे. शॅड तिथं शिकार करतो. काठी घेताना पण आधी पाण्याला विचारायचं, मग आपल्या हाताला. दुकानदाराला सगळ्यात शेवटी."

शॅड म्हणजे आमच्याकडचा दातेरी, तापट मासा. थंडीत झुंडीनं येतो. आमच्या घरात मोसमाचा पहिला शॅड मिळाला की त्याचं डोकं चिंचेच्या रश्श्यात शिजायचं, आणि ते डोकं ज्यानं तुम्हाला पाण्याकाठी गळ घेऊन उभं राहायला शिकवलं त्याच्या ताटात जायचं. वसंता दरवर्षी ते अप्पांना वाढायची. माझंही कौतुक व्हायचं. शेजारी गरवणारे सेलेकाका तर मला "सूनबाई" म्हणायचे, कारण मी अप्पांचं सगळं ऐकायची.

आता दीनाचं सांगते. नाव घेतलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मला तर आता तळपायही उरलेला नाही.

दीना हा वसंताचा धाकटा भाऊ. गरवण्याच्या क्लबात गेला, तिथल्या लोकांच्या हातात चकचकीत रिळं पाहिली आणि एक तसलं रीळ घेऊन आला. ते रीळ काठीवर उंच बसतं, छातीजवळ. माझं चाक बसतं खाली. एकासाठी बांधलेल्या काठीवर दुसरं लावू नये, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. अप्पा घरात नाहीत असं बघून यानं माझं चाक उतरवलं आणि आपलं रीळ वर आवळून बांधलं. मग माझी मूठ पोटात टोचते म्हणून कुरकुरला. गाडीतही मावत नाही म्हणून वैतागला. आणि मग, मित्रांनो, त्यानं अप्पांचीच करवत घेतली आणि माझी मूठ कापली. ज्या लाकडावर पेन्सिलीची ती खूण होती, तेच लाकूड.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेत माझी फेक पहिल्या लाटेतच पडली. पडणारच! फेकताना खालच्या हातानं ओढायचं असतं, आणि ओढायला खाली लाकूड ठेवलंय कुठं? पण नाचता येईना अंगण वाकडं. "भंगार आहे ही काठी," असं चारचौघांत म्हणून त्यानं मला परसात फेकलं. तिथं मला घेवड्याच्या वेलाला टेकू म्हणून रोवलं गेलं. ओरडावंसं वाटलं, पण वेलाला आधार देणारं लाकूड ओरडलेलं कुणी ऐकलं आहे का?

अप्पांनी मला तशी पाहिली. दीनानं काढून टाकलेलं चाक उचललं आणि वसंताकडे दिलं. तिनं ते फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलं.

मग अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. एक शब्द बाहेर काढायला घामाघूम व्हायचे. थंडी सुरू झाली तसे रोज सकाळी खिडकीशी बसून समुद्राच्या दिशेनं डावा हात हलवायचे. त्यांना काय हवंय ते सगळ्या घराला कळत होतं. एकदा, स्वतःच्या हातानं, एक शॅड.

दीनानं वडिलांसाठी नवी काठी आणली. दुकानातली सगळ्यात लांब, सगळ्यात ताठ, सगळ्यात महाग. किनाऱ्यावर सगळ्यांना दाखवत म्हणाला, "हिच्याएवढी फेक कुणाची नाही!" अप्पांनी एका हातानं ती पेलायचा प्रयत्न केला. काठी हलली, अप्पा कलंडले आणि सगळ्यांसमोर वाळूत तोंडावर पडले. लोकांनी माना फिरवल्या. त्या दिवसापासून अप्पांनी खिडकीशी बसणं सोडलं. ताटातला मासाही बाजूला सारू लागले.

परसात उभी राहून मी त्या रात्रीचं भांडण ऐकलं.

"काठी अप्पांसाठी आणलीस की क्लबातल्या मित्रांसाठी?" वसंता कडाडली.

"अक्का, सगळ्यात चांगली आणली मी! पगार ओतलाय तिच्यात!"

"त्यांचा हात बघितलास आधी? एकदा तरी?"

"मग तू आण की त्यांच्या हाताला बसेल अशी! नुसती जीभ चालवायला काय जातं?"

वसंता तावातावानं बाहेर आली आणि तिनं मला वेलासकट उपटलं. मला खूप बरं वाटलं. कुणीतरी माझ्याएवढंच चिडलेलं होतं.

तिनं माझ्या गंजलेल्या कड्या बदलल्या, उरलेल्या लाकडावर चाक घट्ट बांधलं आणि पहाटे अप्पांना खुर्चीसकट वाळूत नेलं. सेलेकाकांनी खुर्चीची दुसरी बाजू धरली. तिनं गळाला आमिषाची सार्डिन मासळी दोऱ्यानं गुंडाळून बांधली, गळ घळीत फेकला, जेमतेम फेसाच्या अलीकडे, आणि माझं आखूड बूड अप्पांच्या मांडीत टेकवलं. त्यांचा डावा तळहात चाकावर आला. मी आखूड होते म्हणूनच त्या मांडीत बसले. हे सांगताना मला त्रास होतो, पण खोटं कशाला बोलू?

शॅडनं हिसका दिला. चाक गरगरलं, आणि त्यावर तो तळहात टेकला. हलका, मग जड, मग पुन्हा हलका. तो हात काहीही विसरला नव्हता. वसंता हुंदके देत चाक फिरवत होती, सेलेकाका झुलूत काहीतरी ओरडत होते, आणि मासा वाळूत येऊन आपटला तेव्हा अप्पा तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले.

तेवढ्यात दीना आला. गर्दी बघून त्याची छाती फुगली.

"बघितलंत?" तो सगळ्यांना सांगू लागला. "मीच कापून दिली होती ही काठी. म्हणून तर अप्पांना जमली!"

चोराच्या उलट्या बोंबा! मला वाटलं, आत्ताच्या आत्ता याच्या तंगड्यांत घुसावं.

अप्पांनी मान वळवली. त्यांचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले. वसंता वाकली, पण त्यांनी तिला थांबवलं.

"तुकडा," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, "तुकडा कुठाय?"

दीनाचं तोंड उतरलं. "कुठला तुकडा, अप्पा?"

अप्पा बघतच राहिले.

"तो... त्या रविवारी मटण भाजलं ना आपण परसात," दीना पुटपुटला. "लाकडं कमी पडली होती."

अप्पांनी डावा हात चाकावरून काढला आणि माझ्या कापलेल्या टोकावर ठेवला. शॅडचं डोकं त्या दुपारी चिंचेत शिजलं, अप्पांच्या ताटात गेलं, आणि त्यांनी ते काट्यासकट चोखून खाल्लं. दीना दारात उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही.

मित्रांनो, काठी निवडायला जाल तेव्हा आधी पाणी बघा आणि मग ती ज्याला धरायची आहे त्याचा हात बघा. दुसऱ्याची काठी घ्याल तर ज्यानं बांधली त्याला विचारा. आणि मला मात्र कुणी येऊन "कापली ते बरंच झालं" असं सांगू नका. कामी मी आले, करवत नाही. अप्पा आजही खुर्चीत बसले की आधी माझ्या टोकावरून हात फिरवतात, पेन्सिलीची ती खूण शोधत.