मुठीतले मणी

गीता माही धाकटी जाऊ. दोन महिन्यांपासून खोकत होती, थुंकीत रक्त पडत होतं. डॉक्टरनं सांगतलं होतं, बुलढाण्याले नेऊन छातीचा एक्सरे काढा, क्षय असंल तर आता त्याले दवा आहे. पण एक्सरे म्हणलं की सारे माह्याकडं पाहायचे. तिथं गळ्यातले मंगळसूत्राचे मणी काढा लागतात, अन् मी काढले होते.

नवा महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. माही छाती दुखत होती म्हणून फोटो काढला. त्याच दुपारी मळ्यात आमचे मालक विहिरीतला गाळ काढत होते, वरून दरड कोसळली. बायांनी वेळ जुळवली. सुभद्रेनं गळा उघडा केला म्हणे, नवरा गेला. मी कोणाशी भांडू? मलेही तेच वाटत होतं. झोपेत ती अंधारी खोली दिसायची, छातीले टेकलेली गार पाटी, मशीनची खट. अन् त्या खटीसंग विहिरीतून मालकाची हाक यायची.

गीताच्या नवऱ्याले, शेषरावले, वांगे घेऊन नांदुऱ्याच्या बाजारात जाचं होतं. बाकी कोणी हलेना. मग मीच तिले मोटारीत बसवलं. लोक बोलून बोलून आणखी काय बोलणार होते?

एक्सरेवाले चिंतामणराव भला माणूस. त्यांनी गीताले मशीन दाखवलं, सुई नाही, चटका नाही, फक्त श्वास रोखून धरजा म्हणून समजावलं. दुसऱ्या कोणाचा फोटो उजेडात धरून फासळ्या दाखवल्या. मणी राहिले तर छातीतला नेमका डाग झाकला जातो, म्हणले. ती साऱ्याले हो म्हणत गेली. मणी काढा म्हणल्यावर मात्र दोन्ही हातांनी गळा धरून बसली. चिंतामणराव चिडले नाहीत, बाहेर जाऊन उभे राहिले.

"जाऊबाई, खरं सांगा," ती म्हणली. "दरड पडली तवा तुमच्या गळ्यात मणी होते का नव्हते?"

ती लग्न होऊन आली त्या साऱ्यानंतर. तिनं फक्त ऐकलं होतं.

"होते," मी म्हणलं. "दरड सकाळीच पडली. मी तवा मोटारीत होती."

साफ खोटं होतं ते.

तिनं मणी काढून माह्या मुठीत दिले. विधवेच्या मुठीत. खट झाली, अन् मले विहिरीतली हाक आली. या खेपेस आवाज शेषरावचा होता.

येताना गीता माह्या खांद्यावर झोपली. मी मातर प्रत्येक थांब्यावर पाहत होती, कोणी निरोप घेऊन धावत येते का. देवा, मी हे काय करून बसली, एवढंच मनात चाललं होतं. नांदुऱ्याले उतरलो, तर समोर शेषराव. डोक्यावर रिकामी टोपली, हातात भज्यांचा पुडा.

"वहिनी, झाला का फोटो?"

मी त्याचा हात धरला. हात गरम होता. मी तिथंच ओक्साबोक्शी रडली. अन् मग राग आला, उभ्या जन्मात आला नव्हता असा. मणी काढले होते, खट झाली होती, अन् हा बाबा भजे खात माह्यापुढं उभा होता.

फोटोत डाग निघाला. सुया टोचल्या, गीता बरी झाली, आता दोन लेकरांची माय आहे.

माह्या मालकाची हाक अजून येते. पहिले मी म्हणायची, चुकली मी, माफ करा. आता काय म्हणू?