उन्हाला पाठ

हरिदास रामटेकेनं मुलीचा पंजा आपल्या तळहातावर पालथा घेतला आणि एकेका नखावरून अंगठा फिरवला. करंगळीचं नख वाढलेलं निघालं. त्यानं खिशातलं नेलकटर तिच्या हातात ठेवलं आणि पुढच्या मुलीकडे वळला. कबड्डीच्या सामन्याआधी नखं तपासायचं काम पुष्कळ पंच लांबूनच उरकतात. हरिदासला ते जमत नसे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बाबुलाल दिघोरे दुसऱ्या संघाची नखं तपासत होता, आणि तोही प्रत्येकीचा हात हातात घेऊनच. ते दिसलं तशी हरिदासनं मान वळवली. गेल्या अकरा वर्षांत या माणसाबरोबर तो एकाही सामन्याला उभा राहिला नव्हता.

जिल्ह्याच्या मंडळात एक पद्धत होती. हंगामाआधी प्रत्येक पंचानं कागदावर लिहून द्यायचं, आपण कोणासोबत उभं राहणार नाही. कारण कोणी विचारत नसे. दोन पंच मैदानाच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात, आणि जे एकाला दिसत नाही ते दुसऱ्याच्या खुणेवर मानावं लागतं. तेव्हा ज्याच्यावर भरवसा नाही असा जोडीदार कोणाच्या गळ्यात मारू नये, एवढाच हेतू. हरिदास दरवर्षी एकच नाव लिही. बाकीच्यांचे कागद सुरुवातीला कोरे येत. पण हरिदास म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात चोख पंच. त्यानं टाकलेल्या माणसाला दुसरे तरी कशाला जवळ करतील? दोन-तीन हंगामांत सगळ्यांच्या कागदांवर तेच नाव आलं. बाबुलालची शिट्टी घरी खुंटीला लागली. तो मैदानालगतच्या तळ्यात जाळं टाकी, हंगामात शिंगाडे काढी, आणि गावात स्पर्धा असली की चुन्यानं मैदान आखून देई.

भानगड झाली होती ती याच मैदानावर. बाबुलालच्या गावाचा अहेरीशी अंतिम सामना, बरोबरीचे गुण, शेवटची चढाई. गावच्या पोरानं बोनस रेषेपलीकडे एक पाय टाकला. त्या वेळी मागचा पाय हवेत असेल तरच बोनसचा गुण मिळतो. हरिदासला तो पाय साफ टेकलेला दिसला. समोरून बाबुलालनं बोनसची खूण केली, मुख्य पंचांनी जवळच्या पंचाचं मानलं आणि गाव एका गुणानं जिंकलं. आपल्या गावासाठी माणूस खोटी खूण करतो, याचा हरिदासला इतका राग आला होता की निकालाच्या कागदाखाली त्यानं स्वतःचं वेगळं मत लिहून सही केली.

आजही तो बाबुलालसोबत उभा राहिला नसता. पण आजचा जोडीदार पंच प्रफुल शिकवायचा त्याच शाळेच्या मुली अंतिम सामन्यात आल्या, तेव्हा त्याला पंच म्हणून उभं राहता येईना. पंच नंदिनी आज गुणलेखनाला होती आणि बाकीचे पंच सकाळीच दुसऱ्या गावच्या सामन्यांना निघून गेले होते. मंडळाचे अध्यक्ष गुणवंतराव आज मुख्य पंच होते. त्यांनी हरिदासला बाजूला घेतलं.

"एवढी एक वेळ, रामटेके सर. पोरी कुठून कुठून आल्या हायेत. त्याईले काय सांगू?"

मुलींसाठी म्हणून हरिदास हो म्हणाला. शिवाय हे शेवटचंच होतं. त्याच्या खिशात एक पत्र होतं. बाबुलाल दिघोरे यांचं नाव पंचांच्या यादीतून कायमचं काढावं, अशी मागणी. पाच सह्या झाल्या होत्या, सगळ्यात वरची जागा हरिदाससाठी मोकळी होती. ती सही झाली की रविवारच्या बैठकीत विषय संपणार होता.

मुलींची नखं आटोपून तो मैदानाच्या रस्त्याकडच्या बाजूला आला, तर बाबुलाल तिथे आधीच उभा. हरिदासच्या कपाळावर आठी आली. संध्याकाळच्या सामन्यात उन्हाला पाठ देणारी बाजू ज्येष्ठ पंचाची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाबुलाल वयानं दोन वर्षं मोठा होता, पण पंचाची परीक्षा हरिदासनं आधी पास केली होती.

"हे माही जागा होय."

"आज इथी मी थांबतो जी," बाबुलाल म्हणाला. "तुम्ही तळ्याकडं थांबा."

मुली मैदानात उतरल्या होत्या. चारचौघांत वाद नको म्हणून हरिदास तणतणतच पलीकडे गेला. उन्हाकडे तोंड करून उभं राहून त्याला वीसेक वर्षं झाली असतील. ऊन थेट चष्म्यात शिरत होतं. डोळे बारीक करून त्यानं शिट्टी तोंडात धरली.

सामना चुरशीचा झाला. बाबुलालची शिट्टी पहिल्या चढाईपासून नेमकी होती, हे हरिदासला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि ते त्याला आवडलं नाही. दुसऱ्या डावात पाच मिनिटं उरली असताना प्रफुलच्या शाळेची उंच मुलगी चढाईला आली आणि तळ्याच्या बाजूनं, हरिदासच्या अगदी समोर, तिनं बोनस रेषेपलीकडे पाय टाकला. मागचा पाय जमिनीपासून दोन बोटं वर असेल. ऊन समोरून येत होतं, म्हणून त्या पायाची सावली हरिदासच्या अंगावर धावून आल्यासारखी इकडे पडली होती, आणि टाच आणि सावली यांच्यामध्ये उजेडाची एक पट्टी स्वच्छ दिसत होती. हरिदासचा हात आपोआप वर गेला. बोनस.

मग त्याला भान आलं आणि त्यानं समोर पाहिलं. आता हा उलटी खूण करणार. पण बाबुलालचाही हात वर होता.

सामना संपला. प्रफुलच्या मुली तीन गुणांनी जिंकल्या. टाळ्या, फोटो, ट्रॉफी सगळं झालं. बाबुलाल आखणीची दोरी गुंडाळत होता. हरिदास त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला. अकरा वर्षांनी त्यानं सरळ कामाचंच विचारलं.

"तो बोनस. तुले दिसला होता का पाय?"

"नाई."

"मंग खूण काऊन केली?"

"तुम्ही केली ना जी. पाय तुमच्या बाजूनं होता." बाबुलालनं दोरीचा पीळ सोडवला. "मले तर रस्त्याकडून टेकलेलाच दिसला."

हरिदास रस्त्याच्या बाजूला जाऊन तळ्याकडे पाहू लागला. दोन मुली तिथे लंगडी घालत होत्या. ऊन पाठीवर होतं. मुलींच्या सावल्या त्यांच्या पलीकडे पडत होत्या आणि उडीतला पाय टेकला की अजून हवेतच आहे, ते कळत नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्या चढाईला तो इथेच उभा होता. तो परत आला.

"तुले तवाच माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवशी समजलं. माह्या पोराले, सोनूले, इथी पाय उचलून उभं केलं, दोन्हीकडून पाह्यलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"आलो होतो जी तुमच्या घरी, नागभीडले. तुम्ही घरी नाई म्हणून सांगतलं बाईनं."

हरिदासला आठवलं. तो घरीच होता. आतल्या खोलीत खुर्चीवर बसून त्यानंच बायकोला हातानं खूण केली होती. नंतर दारातल्या ओट्यावर शिंगाड्यांची पिशवी मिळाली, ती त्यानं तशीच शेजारी देऊन टाकली. खोटी खूण कोणी केली होती, हे त्याला आता असं समजलं, आणि भर मैदानात त्याला लाज वाटली.

तेवढ्यात प्रफुल पेन काढत आला. त्याच्या मागे गुणपत्रिका घेऊन नंदिनी होती.

"सर, ते पत्र. तुमची सही राह्यली."

"पाहू. आधी इथी ये, रस्त्याकडं. तू बी ये नंदिनी." दोघांना उन्हाकडे पाठ करून उभं केल्यावर हरिदास वळला. पुढचा शब्द अकरा वर्षांत त्याच्या तोंडून निघाला नव्हता. "बाबुलालभाऊ, तळ्याकडून बोनस रेषेवर जाऊन उभे राह्यता का जी? मांगचा पाय टेकवा नाई तं उचला. तुमच्या मनानं."

बाबुलालनं चपला काढल्या, पँटचे पाय दुमडले आणि मैदान ओलांडून गेला. रेषेपलीकडे एक पाय टाकून तो उभा राहिला.

"सांग," हरिदास म्हणाला.

"टेकला हाये, सर," प्रफुल म्हणाला.

"नंदिनी?"

"टेकला."

"पक्कं, प्रफुल? लिहून देशील?"

"देईन ना जी. साफ दिसून राह्यला."

"मी बी लिहून देल्लं होतं," हरिदास म्हणाला. "जा आता, तिकडून पाह्य."

प्रफुल हसतच मैदानातून निघाला. तळ्याच्या कडेला पोचून वळला, आणि त्याचं हसू मावळलं. त्यानं खाली वाकून पाहिलं, मग हरिदासकडे. हातातलं पेन त्यानं टोपण लावून खिशात ठेवलं.

बाबुलाल आता दोन्ही हात पसरून एका पायावर कसाबसा तोल सांभाळत होता.

"पाह्यलं का रे पोरा? टेकवू का आता?"

"थांबा जी थोडं," हरिदास म्हणाला. त्यानं नंदिनीला गुणवंतरावांना बोलवायला पाठवलं. मग बूट तिथेच काढून तो अनवाणी मैदानात उतरला, आणि ते येईपर्यंत बाबुलालला धरायला आपला खांदा दिला.