धवलारणीचा आवाज

फोन कानाला लावून ठमीने शेवटपर्यंत ऐकलं आणि तोंडाला पदर लावून ती हसू लागली. ‘कृपया आपण औषध घेतले असल्यास एक दाबावे,’ आतली बाई म्हणत होती.

“मॅडम, ही कलेक्टरीण कुठशी आनलीव? हिचा कोन आयकंल?”

क्रांतीलाही हसू आलं. उरणच्या बाजूला ती एचआयव्हीच्या रुग्णांना समुपदेशन करी. रोज जेवणानंतर त्यांना आपोआप जाणारा हा फोन तिनेच सुरू केला होता, पण निम्मे लोक पहिल्या शब्दालाच तो कापत. गोळ्या चुकल्या की काय होतं ते ठमीला सांगायला नको होतं. तिचा ट्रेलर चालवणारा दीर तसाच गेला होता.

तुमच्या बोलीत तुम्हीच सांगाल का, असं क्रांतीने विचारल्यावर मात्र ठमीचं हसू मावळलं. फोन फक्त आपल्याच रुग्णांना जातो, हे क्रांतीने दोनदा सांगितलं. पण ठमी धवलारीण होती. आसपासच्या आगरी गावांत तिने गायलेल्या धवल्यांशिवाय, त्या लग्नगीतांशिवाय, लग्न लागत नसे. नाव न घेताही आवाज ओळखला जाणार, आणि मग मांडवात कोण बोलावणार?

तिने दिराचा विचार केला, घोटभर पाणी प्याली आणि फोन जवळ ओढला.

“जेवलाव ना? मंग जेवनानंतरचा काम झाला का? झाला असंल त येक दाबा.”

गोळीचं नाव तिने मुद्दामच टाळलं.

लोक फोन ऐकू लागले, एक दाबू लागले. क्रांती हरखून गेली. इकडे लग्नसराई लागली तरी ठमीच्या दारी आमंत्रणाचा नारळ घेऊन कुणी आलं नाही. विचारलंच कुणी तर ती घसा बसलाय म्हणून सांगे.

एका दुपारी चंद्राबाई नारळ घेऊन आली. गावातली मोठी असामी. दारात स्वतःचे ट्रेलर, शब्दाला वजन. तिच्या मुलीचं, अमिषाचं लग्न ठरलं होतं. ठमीने पाट मांडला, पण नारळाला हात लावला नाही.

“काकी, माझा आवाज आता पयलेसारखा...”

“कसा हाय त्यो मना ठावं हाय,” चंद्राबाई हलकेच म्हणाली. “रोज जेवल्यावर आयकतंय.”

ठमी बघतच राहिली. चंद्राबाईने नजर खाली वळवली नाही.

“पोरीच्या लग्नान दुसरी कोन नको.”

ठमीने पदर पसरून नारळ घेतला. चंद्राबाई अंगण ओलांडते न ओलांडते तोच तिने धवला धरला, पार वेशीपर्यंत ऐकू जाईल असा.