वीतभर अंतर

समाजमंदिराच्या मागच्या खिडकीखाली गेणबानं घमेलं पालथं घातलं, धोतर वर खोचलं आणि गज धरून वर चढला. आत सतरंज्यांवर कन्हेरी गावातल्या बाया डोळे मिटून बसल्या होत्या. पुढच्या रांगेत, खांबाजवळ, त्याची बायको शकुबाई. बारामतीहून रोज सकाळी स्कूटीवर योग शिकवायला येणारी अबोली तिच्यामागे गुडघ्यांवर बसली होती, आणि तिनं आपला तळहात शकुबाईच्या पाठीवर धरला होता. पाठीवर म्हणजे पाठीला न लावता. मध्ये वीतभर अंतर.

गेणबाची नजर पाठीवर नव्हतीच. ती अबोलीच्या अंगठ्यावर होती.

त्याला कारण होतं. गेणबा पाणाडी होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो लोकांच्या रानातून फिरायचा, आणि खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहायचा. लोणी देवकरला एका कारखान्याच्या आवारात तर नारळ असा काही उभा राहिला की त्यानं गेणबालाच जमिनीपासून हातभर वर उचललं, आणि खाली आणायला इंजिनिअरांना त्याचे पाय धरून ओढावं लागलं, असं तो सांगायचा. किती इंजिनिअर, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असे. नारळ उभा राहण्यात अंगठ्याचा वाटा किती, हे मात्र त्याला एकट्याला ठाऊक होतं. त्यामुळं कुणाचाही हात हवेत दिसला की त्याला आधी अंगठा दिसायचा.

अबोलीचा अंगठा अगदी स्वस्थ होता. गेणबाचा संशय त्यानं आणखीच बळावला. इतका स्वस्थ अंगठा म्हणजे माणूस पक्का मुरलेला.

"आबा, घमेलं आमचं हाय. चेपलं तर ठोकून द्यावं लागंल."

शेजारची विजयमाला, वर्गाला उशीर झालेली, काखेत सतरंजी घेऊन मागं उभी होती.

"चिमनीचं घरटं बघतुया," गेणबा म्हणाला.

"शकुमावशी नावाची चिमनी व्हय?"

"हळू बोल की जरा."

"मग आत या. गडीमानसं चालत्यात. येत कुनी न्हाय, एवढंच."

गेणबा खाली उतरला. आत जावं की न जावं, याचा विचार तो आठवडाभर करत होता. शकुबाईला दमा होता. कित्येक वर्षं ती भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायची, आणि कोनाड्यात औषधाचा पंप ठेवलेला असायचा. हा वर्ग सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत तिनं आपली वाकळ उचलून बाहेर ओसरीवर नेली. बाईंनी सांगितलंय, म्हणाली, मोकळ्या हवेत ऊर्जा खेळती. मग एके सकाळी कोनाडा रिकामा दिसला.

"पंप कुठं गेला?" त्यानं विचारलं होतं.

"आता लागत न्हाय. बाई नुसत्या हातानं बरं करत्यात."

हे ती चुलीकडं तोंड करून बोलली होती. आणि डॉक्टरनं तर बजावून ठेवलं होतं, की पंप सोडला तर एखाद्या दिवशी छाती अशी धरेल की दवाखान्याची पायरी दिसायची नाही. नुसता हवेत हात धरून काय साधतं, हे गेणबाइतकं खात्रीनं तालुक्यात कुणाला माहीत नव्हतं. आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

चपला दाराशी काढून तो आत गेला. बायांच्या पदरांची एक लाट मागून पुढं सरकली. शकुबाईनं एक डोळा उघडून त्याला पाहिलं आणि पटकन मिटून घेतला.

"या काका," अबोली म्हणाली. "मांडी जमेल ना?"

"न जमाया काय झालं? आन् हात कवा फिरवता तुमी?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"अधूनमधून. नको असेल तर नाही."

"त्यानं काय हुतं?"

"काहींना ऊब वाटते. काहींना काहीच वाटत नाही."

गेणबा चरकला. पाणी लागेल किंवा लागणारही नाही, असं पाणाडीच सांगत सुटला तर त्याला दुसऱ्यांदा कोण बोलावेल? ही बाई त्याच्या अंदाजापेक्षा पुढची निघाली.

"डोळे मिटा," अबोली सांगू लागली. "श्वास आत येताना बघा, बाहेर जाताना बघा. त्याला लांबवू नका, दाबू नका. नुसतं लक्ष ठेवा."

गेणबानं एक डोळा मिटला आणि दुसरा फटीएवढा उघडा ठेवला. मग मान अवघडली म्हणून तोही मिटला. स्वतःचा श्वास त्याला काही केल्या सापडेना. बाकीचं सगळं ऐकू येत होतं. पंख्याची करकर, रस्त्यावरून जाणारा दुधाचा टेम्पो, कुणाच्या तरी बांगड्या. मग ते एकेक बाजूला झालं आणि बायांचे श्वास राहिले. जाड, बारीक, घाईचे, आळशी. त्या सगळ्यांतून, न शोधता, शकुबाईचा श्वास वेगळा होऊन त्याच्याकडं आला. शेवटाला बारीक शिट्टी. पुढचा थोडा तोकडा. त्याच्या पुढचा आणखी तोकडा.

उभा राहिल्यावर त्याला कळलं की आपण उभे राहिलोय.

"थांबवा! थांबवा हे! तिची छाती धरली."

"कुणाची?" अबोलीनं दचकून विचारलं. सगळ्या बाया शांत बसल्या होत्या. शकुबाईसुद्धा.

"अवं, बसा की खाली, लोकांत—" शकुबाई म्हणाली, आणि तिथंच खोकला आला. मग ती पुढं वाकली. दोन्ही हात जमिनीवर, खांदे वर वर ओढले जायला लागले.

"हिचा पंप तुमी सोडवला!" गेणबा अबोलीवर ओरडला. "हवंत हात धरून दमा जातुया व्हय? मला इचारा, हवंत हात धरून काय हुतं ते!"

विजयमालेनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. तिच्या रानातली बोअर त्याच्याच नारळावर घेतलेली होती.

अबोली शकुबाईच्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "मावशी, पंप काढा."

शकुबाईचा हात कमरेला गेला. तिथल्या कापडी पिशवीतून तिनं पंप काढला, हलवला, तोंडाला लावून ओढला, श्वास धरून ठेवला. थोडं थांबून पुन्हा एकदा. सारं इतकं सरावानं, की तिनं पंप कधी सोडलाच नव्हता, याबद्दल पाहणाऱ्याला शंका राहू नये.

"पंप सोडायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलंय," अबोली म्हणाली. "मावशींना तर वेगळं बसवून सांगितलंय."

गेणबा उघड्या तोंडानं उभा होता.

घरी जाताना दोघं उसाच्या कडेनं हळूहळू चालली. तिच्या चालीनं तो चालत होता. कालव्याच्या चारीवरच्या मोरीशी ती दम खायला कठड्यावर बसली.

"खोटं बोललीस."

"व्हय."

"ते बी त्या बाईचं नाव घालून."

"मग काय डॉक्टरचं घालू? त्याला जाऊन इचारलं असतं तुमी."

"पन का?"

शकुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मी खोकले की तुमी उठून बसता. पंपाचा आवाज झाला की उजाडंस्तोर तसंच. मागं लोणी देवकरला उभ्या उभ्या डुलकी लागली आन् नारळ पायावर पडला. वर गावात सांगत सुटला, पान्याला लई जोर हाय, नारळानं मलाच वर उचललं."

"उचललंच हुतं."

"पाय मी शेकलाय. असं उभ्यानं झोपाया लागल्यावर कोन बोलावनार तुमास्नी? म्हनलं, वसरीवर जावं. तितं खोकले तर ऐकू यायचं न्हाय. तुमी निवांत झोपाल."

गेणबानं चारीतलं पाणी पाहिलं.

"आन् मी झोपत हुतो, असं वाटलं तुला?"

"मग?"

"आतनं काय ऐकूच येईना..." एवढं बोलून त्यानं धोतराचा सोगा उगाच झटकला. मग म्हणाला, "एवढं सराईत खोटं शिकलीस कुठं?"

"घरातच."

संध्याकाळी त्यानं ओसरीवरची वाकळ उचलून आत आणून टाकली. तिनं पंप पिशवीतून काढून उशाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेणबा वेळेआधी समाजमंदिरात हजर होता. शकुबाईच्या बरोबर मागं त्यानं सतरंजी अंथरली. विजयमाला मुद्दाम शेजारी येऊन बसली.

"आबा, हवंत हात धरून काय हुतं, ते सांगनार हुता काल."

"ऊब वाटती," गेणबा म्हणाला. "काहींना."

"आन् बाकीच्यांना?"

"डोळं मिट. बाई बघत्यात."

अबोली रांगांमधून सावकाश फिरत होती. त्याच्याजवळ येऊन ती थांबली. आज त्यानं दोन्ही डोळे घट्ट मिटले होते आणि मान किंचित पुढं झुकवली होती.

"काका, श्वास कळतोय का?"

"कळतुया."

"कसा आहे?"

गेणबानं कान जरा पुढं केला.

"शेवटाला बारीक शिट्टी वाजती," तो हळूच म्हणाला, "पन कालच्यापरीस बरा हाय."

अबोली त्याच्याकडं पाहत राहिली. मग आवाज न करता पुढच्या रांगेकडं वळली.