आत्याबाईंची मासवडी

लग्न होऊन मी खोडदला आले, तेव्हापासून टायफॉईडने आमच्या घराचा पिच्छा पुरवला आहे. आधी मला झाला, मग आदेशना, म्हणजे आमच्या ह्यांना, मग परत मला. या वर्षी तर माझ्या समर्थला दोनदा झाला. पहिलीतलं पोरगं, हातापायाच्या काड्या झाल्यात. पाणी उकळून उकळून मी कंटाळले. टाकी घासली, विहिरीत औषध टाकलं, बाहेरची भेळ बंद केली. ताप हटेना. एकट्या माझ्या सासूबाई, धोंडाबाई, ठणठणीत. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मला त्याचाही राग यायचा, खरं सांगते.

आत्याबाईंची मासवडी गावात नावाजलेली. कुणाकडे पाहुणे आले की त्यांना बोलावणं. शिजवलेलं बेसन ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ, खोबरं, कांद्या-लसणाचं सारण पसरायचं, गुंडाळी करून हाताने दाबायची नि वड्या पाडायच्या. मग मासवडी पुन्हा चुलीवर जात नाही. आणि थापायच्या दिवशी आत्याबाई साबणाला शिवत नाहीत. साबणाचा वास सारणाला लागतो म्हणे. नुसत्या पाण्यात हात बुडवायचे की झालं.

दुसऱ्या तापात समर्थला आळेफाट्याला दाखवलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी भलतंच विचारलं. "घरात कधीच आजारी न पडणारं कोण आहे? आणि खायला कोण करतं?"

दोन्हींचं उत्तर एकच होतं. त्यांनी आत्याबाईंची तपासणी करून घेतली आणि मग मला एकटीला बसवून सांगितलं. हे जंतू तोंडावाटे पोटात जातात, रक्तातून अंगभर फिरतात. बहुतेकांच्या अंगातून ते जातात, पण एखाद्याच्या पित्ताशयात मुक्काम ठोकून बसतात. त्या माणसाला काही होत नाही. शौचावाटे मात्र ते बाहेर पडत राहतात, बोटांना, नखांना लागतात आणि तिथून दुसऱ्याच्या ताटात. औषध आहे, पण घ्यावं लागेल बरेच दिवस. तोवर त्यांनी कुणाला काही करून घालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी गावची जत्रा. घरी आले तर आत्याबाई तीळ भाजत बसलेल्या. आदेशना म्हटलं, तुम्ही सांगा. त्यांना नेमकं तेव्हाच शेतातली मोटर बघायला जायचं होतं. घरातलं असलं काम ह्या माणसाने कधी अंगावर घेतलंय?

मी गॅस बंद केला आणि सांगून टाकलं.

"मला? मला कसली धाड भरलीय?" त्या हसल्या. "आदेशला इचार, जलमात कधी सुई टोचून घेतली न्हाई मी."

"म्हणूनच कुणाला कळलं नाय आत्याबाई. आजार तुमाला नाय. तुमच्याकडनं आमाला व्हतोय."

त्यांचा उलथनं धरलेला हात तसाच राहिला. मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाल्या, "अश्विनीला बी त्योच ताप व्हता का गं?"

अश्विनी त्यांची लेक, माझी नणंद. मी यायच्या आधीच गेली. जत्रेला माहेरी आली, तापाने पडली. दुसरं काही घशाखाली उतरेना, म्हणून आत्याबाई तिला मासवडीच कुस्करून भरवायच्या. टायफॉईडने आतड्याला भोक पडलं होतं, हे आदेशनी मला एकदा दारामागे सांगितलं होतं. आईला कुणी सांगितलं नव्हतं.

"नाय आत्याबाई. तिला न्युमोनिया व्हता."

"तुला काय ठाव? तू तवा व्हतीस का?"

"हे म्हणले."

त्या उठल्या. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि परत धुतले. इतकी वर्षं मला फक्त ताप घराबाहेर घालवायचा होता. ही बाई अशी झालेली नको होती.

औषध संपलं. पुन्हा पुन्हा तपासून डॉक्टर म्हणाले, आता काही नाही, खुशाल स्वयंपाक करू द्या. समर्थच्या अंगावर मांस चढलं. काल मी मुद्दाम ओलं फडकं आत्याबाईंसमोर पसरलं. त्या मागे सरकल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या.

"तूच थाप. मी सांगते."

मी थापली. गुंडाळी मधेच फुटली, सारण बाहेर आलं. त्या बघत राहिल्या, हात काही काढला नाही. तेवढ्यात समर्थ आला आणि त्यांच्यापुढे आ करून बसला. "आज्जी, भरव."

"आयकडनं खा बाळा."

त्याने ऐकलं नाही, तोंड उघडं ठेवून तसाच बसून राहिला. आत्याबाईंनी मान फिरवली. त्यांचे डोळे भरले होते.

आज सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "वृषाली, न्युमोनियाच व्हता ना गं?"

"न्युमोनियाच," मी म्हणाले. कालही म्हणाले होते.