बत्तीस घरांची ओळ

ठिपका होता. डोळ्यांना तो स्पष्ट दिसत होता, खिडकीतून तिरप्या येणाऱ्या उजेडात त्याची इवलीशी सावलीसुद्धा कागदावर पडली होती. पण डोळे मिटून बोट फिरवलं की तो शेजारच्या दोघांत, खालच्या एकात, पुढच्या तिघांत असा काही मिसळून जाई की बोटाखाली नुसती खरखर उरे... गिलाव्याच्या भिंतीवरून हात फिरवल्यासारखी. त्याने पुन्हा डोळे मिटले. पुन्हा खरखर. याच बोटांनी जन्मभर कागद चाळले होते, आणि आता एक साधं अक्षर हाताला लागत नव्हतं.

"काय हो रीडरसाहेब, डुलकी लागली का?" पलीकडच्या खोलीतून बाईंनी विचारलं.

"नाही... बघतोय," तो म्हणाला, आणि चोरी पकडल्यासारखे त्याने डोळे उघडले.

बाईंना जन्मापासून दिसत नव्हतं. अंधशाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं, ब्रेल लिपीतली हाताशी आली ती सगळी पुस्तकं बोटांनी झिजवली, आणि नवी पुस्तकं ठिपक्यांत यायची बंदच झाली तेव्हा त्या वाचायच्या थांबल्या. तो एका छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफरीडर होता. शाळेच्या अहवालाचं प्रूफ वाचून दाखवायला म्हणून पहिल्यांदा या घरात आला आणि सवयीने सगळं वाचत गेला, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह पूर्ण, पूर्णविराम, तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. "उद्या एखादी गोष्ट घेऊन या," त्या म्हणाल्या होत्या, "फक्त ते स्वल्पविराम घरी ठेवून या." तेव्हापासून रोजची दुपार. नोकरी संपली, बायको गेली, दुपार तेवढी राहिली. त्याला स्वतःचं असं बोलता येत नसे — वाक्य सुरू केलं की निम्म्यावर त्याला त्यातली चूक दिसे आणि तो गप्प होई — पण दुसऱ्याचं वाक्य डोळ्यांसमोर असलं की त्याचा आवाज मोकळा होई, खाली उतरे, वर चढे, आणि समोर बसलेल्या बाई "हं" म्हणत. त्या एका "हं"साठी मी... तो जिना चढून यायचा, गुडघे कुरकुरत असले तरी.

आणि मग ही भाची आली. बाईंची भाची, दूरच्या शहरात प्रोग्रॅम लिहिणारी, वर्षातून दोनदा वाऱ्यासारखी येऊन जाणारी. शाळेने अडगळीत टाकलेला, ठिपके उठवणारा प्रिंटर तिने शोधून काढला, शाळेतच बसून तो चालू केला, कुठलंही पुस्तक घेऊन त्याचे ठिपके करणारा प्रोग्रॅम मावशीसाठी स्वतः लिहिला, आणि ते करड्या रंगाचं धूड जेवणाच्या टेबलावर आणून बसवलं. जिथे त्याचा चहाचा कप असे, तिथेच. "काका, आता तुम्हाला आराम!" ती म्हणाली होती. आराम! मेल्याला देतात तसला. तो हसला होता, मान हलवली होती, प्रोग्रॅम कसा चालवायचा ते मुकाट्याने शिकून घेतलं होतं, आणि घरी जाऊन रात्रीचं जेवला नव्हता. एवढंसं यंत्र. त्याचा कुणी मत्सर करतो का? माणूस असता तर निदान त्याच्या नाकाला, चालीला नाव ठेवता आलं असतं.

पण यंत्राचं काहीतरी चुकत होतं. भाची गेली, आणि आज सकाळीच येऊन त्याने पहिल्यांदा घरातल्या कागदावर छापलं तेव्हा बाई दोनच ओळी वाचून म्हणाल्या, "लंगडतंय हो हे."

ते वाक्य त्याने जिभेवर साखर ठेवावी तसं दुपारपर्यंत घोळवलं होतं.

आता त्यातली पहिली काही पानं त्याच्यासमोर पसरलेली होती. भाचीने प्रिंटरला चिकटवलेल्या तक्त्यावरून तो एकेक घर — सहा ठिपक्यांच्या जागेला ती घर म्हणायची — डोळ्यांनी लावत होता. अक्षरं बरोबर होती. मात्रा बरोबर. दीपगृहावर एकटं आयुष्य काढलेल्या माणसाच्या आठवणी होत्या त्या, निम्म्या त्यानेच बाईंना वाचून दाखवलेल्या. सुरुवात ओळखीची होती. मग मधेच, "समुद्र" आणि "शांत" यांच्यामध्ये, एक आकडा. एक. समुद्र एक शांत? तो थबकला. चष्मा पुसला. पुढे आणखी एका पानावरही आकडा मधेच होता, दोन... आणि एकदम त्याला ते दिसलं, छापखान्यात दिसायचं तसं, अक्षरं न वाचता, पान जरा लांब धरून: लांब ओळ, आखूड ओळ, लांब, आखूड. पानाचा क्रमांक आपल्या पानाच्या तळाला राहायच्या ऐवजी पुढच्या कागदाच्या मध्यावर ढकललेला, कारण बहुतेक ओळींच्या दोन-दोन ओळी झाल्या होत्या. प्रोग्रॅम चाळीस घरांची ओळ पाठवत होता. घरातल्या कागदावर बत्तीसच मावत होती. उरलेली आठ घरं खाली सांडत होती. शाळेत कागद रुंद होता, इथे अरुंद. पोरीने प्रिंटरला तसं सांगितलं आणि प्रोग्रॅमला सांगायची विसरली. बस, एवढंच.

त्याला आनंद झाला. चूक सापडली की होतो तो जुना, निर्मळ आनंद. आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जो निर्मळ नव्हता: हे फक्त मला ठाऊक आहे.

फोन वाजला. भाचीच होती.

"काका, मावशी म्हणाली नीट येत नाहीये. नेमकं काय होतंय?"

"काहीतरी... म्हणजे ओळी जरा..." तो म्हणाला.

"कागद अडकतोय?"

"नाही."

"ठिपके पुसट येतायत का?"

"तसं नाही... आता कसं सांगू..."

नेहमीचंच अडखळणं, तिला त्यात काही वेगळं वाटणार नव्हतं. साठ वर्षं ज्या दोषाची लाज बाळगली तो आज कसा बिनबोभाट कामाला आला! कानाशी रिसीव्हर, आणि समोर कागदावर चूक लख्ख पसरलेली, लांब-आखूड, लांब-आखूड.

"केबल काढून परत लावून बघा बरं," भाची म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "नाहीतर असू दे, काका. दोन महिन्यांनी मी येणारच आहे, तेव्हा बघते. तोवर तुम्ही आहातच की वाचायला."

"आहे की," तो म्हणाला. हे वाक्य मात्र एका दमात पूर्ण झालं.

दोन महिने. त्याने कागद गोळा केले, कडा ठोकून सारख्या केल्या, पुस्तक हातात घेतलं, कुठपर्यंत आलो होतो ते पान उघडलं. घसा खाकरला. लग्नाला निघालेल्या माणसासारखा मी पलीकडच्या खोलीत गेलो, असं त्याला नंतर आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर सकाळची उरलेली पानं होती, तशीच लंगडी, आणि त्यांचं बोट त्यांवरून चाललं होतं. ओळीच्या टोकाला जाई, थांबे, खाली उतरून ते सांडलेले तुकडे वेचून घेई, आणि पुन्हा पुढच्या ओळीवर चढे.

"फोन होता तुमच्या भाचीचा. नाही म्हणाली... म्हणजे आत्ता नाही जमायचं, दोन महिने तरी. तोवर आपलं..." त्याने पुस्तक किंचित वर केलं. त्यांना ते दिसणार नव्हतं.

"मग राहू दे की," बाई म्हणाल्या. बोट थांबलं नाही. "चालतंय असंच. सवय झाली की लंगड्याबरोबरही चालता येतं."

"पण त्रास होतो ना तुम्हाला? मी वाचतो की."

"तुम्ही वाचता ते छानच. पण हे कसं, मागे जाता येतं मला. आत्ताच बघा, एक वाक्य चारदा वाचलं."

"मला कधी म्हणाला नाहीत, परत वाचा म्हणून."

"सारखं काय म्हणायचं? तुमची तंद्री लागलेली असते. आणि थांबवलं की तुम्हाला वाटतं, तुमचंच काही चुकलं. मग आवाज बारीक होतो तुमचा."

तो उभा राहिला. हातात पुस्तक, पानात बोट. इतक्या दुपारी, इतकी पुस्तकं, आणि प्रत्येकात कुठे ना कुठे एक वाक्य असेल जे त्यांना पुन्हा हवं होतं आणि ज्याच्यावरून मी भरधाव निघून गेलो, आणि त्यांनी, माझा आवाज बारीक होऊ नये म्हणून, "हं" म्हटलं. "हं" म्हणजे ते होतं तर! त्याला वाटलं होतं यंत्र चुकलं की आपण जिंकलो. आणि इथे तर चुकलेलं, मोडकं, ओळीओळीला ठेचकाळणारं पानसुद्धा आपल्यापेक्षा...

ते बोट पुन्हा ओळीच्या टोकाला थांबलं. खाली उतरलं. तुकडे शोधू लागलं.

ते त्याला बघवेना. कुणासाठी चाललं होतं ते सगळं, इतक्या सोशिकपणे? एका गलथान पानासाठी! हरायचंच तर निदान नीट लावलेल्या पानाकडून हरावं. यात चांगुलपणा नव्हता. तो स्वतःला तेवढा ओळखून होता. बाईंनी त्या पानाला सांभाळून घ्यावं, त्याचे दोष पदरात घालावेत, हे त्याला सहन होत नव्हतं. पदरात घालायला त्याचे स्वतःचे दोष होते की.

तो मागे फिरला. खुर्ची ओढली. प्रिंटरला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर भाचीने ठळक अक्षरांत लिहिलेली चौकट होती: "ओळीत किती घरं?" चाळीस पुसून त्याने बत्तीस केलं, छापायचं बटण दाबलं, आणि घर हादरलं.

त्या प्रिंटरचा आवाज म्हणजे पत्र्यावर खिळे ठोकत गेल्यासारखा. तो चालू असताना शेजारी ओरडलेलंही ऐकू येत नसे. कागद वर येत होता, ठिपक्याठिपक्याने, सरळ, प्रत्येक ओळ जिथे संपायला हवी तिथेच संपत होती, आणि त्या आवाजाच्या आडोशाला उभा राहून, बाईंच्या खोलीकडे तोंड करून, तो म्हणाला, "पुस्तक नसलं तरी मला इथे रोज यायचं आहे."

पूर्ण वाक्य. त्यात काही चूक सापडली नाही.

प्रिंटर थांबला. "काही म्हणालात का?" बाईंनी विचारलं.

"नाही... ओळी सरळ येतायत म्हटलं."

त्याने पानं नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवली. बोट पहिल्या ओळीवरून गेलं, टोकाला पोचलं, न थांबता दुसरीवर उतरलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हे कुणी केलं?"

"मी. एक आकडा चुकला होता."

"वा." आणि त्या वाचायला लागल्या.

तो समोरच्या खुर्चीत बसला, नेहमीच्याच. काय करावं कळेना. हात रिकामे होते, डोळे रिकामे होते. मग त्याने वर पाहिलं. इतकी वर्षं या खुर्चीत बसून तो फक्त पान बघत आला होता, पान, पुढची ओळ, पुढचा शब्द, आणि समोर काय चाललंय ते त्याला कानांनीच कळायचं. बाईंची उजवी भुवई वर गेली. तिथेच राहिली, एखाद्या गोष्टीची वाट बघत असल्यासारखी, आणि मग ओठांचा एक कोपरा आत ओढला गेला, हनुवटी जराशी थरथरली, हसू यायच्या आधीचं काहीतरी गालावर येऊन परत गेलं. बघताना त्याला चोरट्यासारखं झालं, तरी नजर हलेना. मी वाचत होतो तेव्हा हा चेहरा इथेच होता. हातभर अंतरावर. रोज.

"गंमत सांगू?" बाई बोट न उचलता म्हणाल्या. "हे सगळं मला तुमच्याच आवाजात ऐकू येतंय. दीपगृहावरच्या त्या बोकडाचा भाग आला की तुम्ही भराभर वाचता ना, तसंच आत्ता धावतंय."

त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग तो त्या आवाजाचा विचार करू लागला... जो आत्ता त्यांच्या बोटाच्या टोकाशी वाचत होता, ज्याला चष्मा लागत नव्हता, जो चारदा मागे बोलावलं तरी बारीक होत नव्हता, संध्याकाळ झाली की काठी शोधून जिना उतरत नव्हता. ती भुवई त्या आवाजासाठी वर गेली होती. तो कधीच अडखळत नव्हता. त्याच्या नाकाला नाव ठेवावं तर नाक आपलंच.

बाहेर उजेड ओसरत होता. दिवा लावायला हवा होता, पण बटणाचा आवाज झाला असता आणि आपण बघत बसलोय हे त्यांना कळलं असतं. चेहरा हळूहळू पुसट होत चालला, कपाळ तेवढं उरलं, बोट मात्र तसंच चाललं होतं, टोकाला, खाली, टोकाला. "बाई," म्हणावं असं त्याला वाटलं. ओठ उघडलेही. पण त्यांच्या बोटाखालच्या त्या दुसऱ्याचं वाचन रंगात आलं होतं, आणि त्याच्या शेजारी आपला आवाज कसा वाटेल, याचा अंदाज घेत तो तसाच बसून राहिला.