सहावी लाईन

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार आला की आमच्या चर्चमधल्या पुरुषांना विधवांचा कळवळा येतो. एरवी येत नाही. जूनमध्ये गवत गुडघ्याला लागलं तरी कुणी फिरकत नाही. पण थंडीआधी गवताला पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलरच्या पायपांतलं पाणी काढायचं म्हटलं की यादी फिरते, नावं लिहिली जातात आणि हवेच्या जोराने पाणी ढकलणारा एक कंप्रेसर विधवांच्या अंगणांतून मिरवत निघतो. पायपात पाणी राहिलं तर ते गोठून पाईप फोडतं, हे आमच्या खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते काढायचं कसं, एवढंच या मोठ्या माणसांना ठाऊक नाही.

मला आहे. चाळीस वर्षं मीच काढत आले. माझा नवरा व्हर्ल देवमाणूस होता, पण हातात पाना दिला की आधी पान्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. चर मी खणले, पाईप मी जोडले, त्यांना उतार मी दिला. प्रत्येक लाईनच्या तळाशी पाणी सोडायचा छोटा व्हॉल्व्ह आहे. तो उघडला की पाणी आपल्या पायांनी निघून जातं, कंप्रेसर लागतच नाही. पण व्हर्ल गेला आणि त्याच्याबरोबर माझेही हात गेले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

यंदा काही म्हणजे काही बिघडू द्यायचं नव्हतं. माझा मुलगा गार्थ दूर वाळवंटात, फिनिक्सला राहतो. तिथे पाणी गोठतं ते फक्त फ्रीजमध्ये. हे घर विकून मला तिकडे न्यायचं त्याच्या मनात आहे. ऑगस्टमध्ये मी तळघराच्या जिन्यावर घसरले, तेव्हा तो फोनवर म्हणाला होता, "आई, आता आणखी एक काही झालं ना, की मी तुझं ऐकणार नाही." ते आणखी एक मला होऊ द्यायचं नव्हतं.

तर शनिवारी दोघे आले. केंट बायबी, दातांचा डॉक्टर, आणि लेन क्रॉकेट, विमे विकणारा. माझ्यासाठी डोनटचं खोकं आणलं होतं. दारात उभ्या उभ्या त्यातले चार त्यांनीच खाल्ले.

"थॉर्लीताई, तुम्ही आत बसा बरं. वारा गार आहे," केंट म्हणाला. चर्चमध्ये आम्ही सगळेच एकमेकांचे ताई-भाऊ.

"वारा मला नवीन नाही. तो कंप्रेसर कुठला आणलास?"

"माझाच. खिळे ठोकायला घेतला होता."

"मग खिळेच ठोक त्याने. एवढ्या पायपांना त्याची हवा पुरायची नाही."

"प्रेशर वाढवू की!"

"वाढव. म्हणजे थंडीची वाट बघायला नको, पाईप आजच फुटतील."

लेनने हसून माझ्या खांद्यावर थोपटलं. "ताई फार मिश्कील आहेत हं."

मुख्य पाणी तेवढं मी समोर उभी राहून त्यांच्याकडून नीट बंद करून घेतलं. मग म्हटलं, "सहा लाईनी आहेत." केंटने गॅरेजमधल्या टायमरच्या झाकणावर चिकटवलेला कागद वाचला.

"पाच आहेत, ताई. व्हर्लभाऊंनी स्वतः लिहिलंय."

"व्हर्लने लिहिलंय म्हणूनच चुकलंय. सहावी मी नंतर टाकली, मागे जर्दाळूंपाशी. ती टायमरवर नाही, हातानेच चालू करावी लागते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग माझे कान गेल्यासारखा केंट मोठ्याने, सावकाश बोलला, "पाच, ताई. पाच!"

मी भांडले असते. पण केंट आणि गार्थ शाळेत एका बाकावर होते. मी आवाज चढवला असता, तर संध्याकाळपर्यंत फिनिक्सला निरोप गेला असता की आई हल्ली गोंधळते. म्हणून तोंड मिटून बसले. वीस मिनिटं त्यांनी फुसफुस केली, एकमेकांच्या पाठी थोपटल्या आणि पुढच्या विधवेकडे गेले.

मी बाहेर जाऊन पाहिलं. भिंतीजवळच्या पितळी नळाच्या दोन्ही दांड्या त्यांनी गच्च बंद केल्या होत्या. म्हणजे मधलं पाणी आतच अडकलं. दांड्या अर्ध्यावर तिरक्या ठेवायच्या असतात, हे दात उपटायच्या कॉलेजात शिकवत नसावेत. मी त्या तिरक्या केल्या. मग तळाचे व्हॉल्व्ह उघडत गेले. प्रत्येकातून बादलीभर पाणी निघालं. पाच लाईनी झाल्या आणि गुडघे वाकेनात, म्हणून सहावी उद्यावर टाकली.

रविवारी सकाळी बर्फ भुरभुरत होता. त्या रात्री पारा पार खाली जाणार, असं रेडिओ सांगत होता. चर्चला जायच्या पोशाखावर मी व्हर्लचा जुना कोट चढवला आणि मागे गेले. सहावीचा व्हॉल्व्ह खोल खड्ड्यात आहे. पालथं पडून खांद्यापर्यंत हात घालावा लागतो. मी तशी पडले. तेवढ्यात केंटची गाडी बायकोमुलांसकट गल्लीतून चालली होती.

"ताई! हलू नका! अजिबात हलू नका!"

"हलले नाही तर व्हॉल्व्ह कसा उघडेल, गाढवा?"

उघडला. पाणी खळखळून गेलं. केंट ते ऐकायला थांबला नाही, तो गार्थला फोन लावत होता.

मंगळवारी गार्थ आला. कोट न काढताच त्याने घरविक्रीचे कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले.

"तू बर्फात पडलेली सापडलीस, आई."

"मी घसरून पडले नव्हते, मुद्दाम आडवी झाले होते. काम करत होते."

"एक पाईपच ना? फुटला असता तर नवा टाकला असता."

"फुटला असता तर तू काय म्हणाला असतास?"

तो टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

"म्हणाला असतास, आईला आता घर झेपत नाही. नाही फुटला, तर म्हणतोस, आई बर्फात लोळते. मग मी करायचं तरी काय होतं, ते सांग. आत बसून राहायचं?"

"हो," तो म्हणाला. "बसून राहायचं. फोन वाजला की तुझंच काहीतरी झालं असं वाटतं, आई. तू नुसती बस. एवढंच हवंय मला."

बावन्न वर्षांचा माणूस, पण ओठ थरथरत होते. केंटच्या मूर्खपणावर मला हसता आलं होतं, यावर येईना. हा मूर्ख नव्हता, घाबरलेला होता, आणि त्याची भीती जावी म्हणून मी जिवंतपणी निर्जीव व्हायला हवं होतं.

"बसायला दफनभूमीत व्हर्लच्या शेजारी जागा घेऊन ठेवली आहे," मी म्हटलं. "तोवर मला वेळ नाही." सही न करताच कागदांची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

तो रडला. मी रडू दिलं. मग सूप गरम केलं, ते तो प्यायला. गुरुवारी परत जाताना त्याने कागद नेले. फाडले नाहीत. नीट, वरच्या खिशात ठेवले, मी पाहिलं.